कैरो ते कराची, पंधरा तास

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगा तोडणं. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. शुक्रवार होता. सोप्यात भुईमुगाच्या वेलांचा ढीग पडला होता, एका अंगाला ती बसली, एका अंगाला मी. वेल उचलायचा, शेंगा तोडून पाटीत टाकायच्या, वेल मागं बैलांसाठी फेकायचा. हे काम दरसाल केलेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. हात चालू होते आणि तिचं तोंडही चालू होतं.

"आवं, किती तास म्हनला हुता मास्तर?"

"पंधरा."

"पंधराच?"

"पंधराला वाईच कमीच. कितींदा सांगू?"

"सांगितलं तर काय जीभ झिजती तुमची? अन् त्या पोचट शेंगा कशाला टाकताय पाटीत? हातानं कळत न्हाई व्हय? एवढा बाप्या झालाय, भरल्याली कंची अन् पोचट कंची त्ये कळंना."

"तू भरल्याल्या खातीयास, मग पाटीत पोचटच ऱ्हानार."

ती हसली. खरंच ती तोडता तोडता ओल्या शेंगा खात होती. म्हणून दिवस कलायच्या वेळेला तिच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा मी म्हणालो, "आनि खा." ओवा आणि मीठ तिच्या तळहातावर टाकलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेलो. हे मी आधीच सांगून टाकतो. मागनं कुणी सांगायला नको.

आमचं गाव शिराळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याला. मी गाडीवान. घरची दोन एकर जमीन होती, पण माझं पोट गाडीवर. गुऱ्हाळं सुरू झाली की गूळ भरायचा आणि सांगलीच्या बाजारपेठेत नेऊन उतरवायचा. चाळीस वर्षं तेच केलं. मला अंतर विचाराल तर मैलात सांगता येत नाही, बैलांच्या पायांत सांगता येतं. कुठं चढ आहे, कुठं बैल आपोआप थांबतो, कुठं सावली मिळते, ते डोळे मिटून सांगीन.

आमचा पोरगा एकुलता. लढाईत भरती झाला. आमच्याकडं घरटी एक तरी पलटणीत असतोच, त्याचं कौतुकही नाही आणि रडणंही नाही. तो आधी कराचीला होता, मग त्याला आगबोटीतनं पार मिसर देशात नेलं. कैरो म्हणून शहर आहे तिथलं, त्याच्या बाहेर विमानं उतरतात, तिथं त्याला काम लागलं. कागद यायचा तो शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. मी चौथी शिकलोय, पण पलटणीच्या कागदावर तपासणाऱ्या साहेबानं मधेमधे काळी शाई फासलेली असायची, तिथं माझी गाडी अडायची.

एका कागदात पोरानं लिहिलं होतं की आमच्या साहेबाची आई कराचीत आजारी पडली, तर साहेब कैरोतनं विमानानं निघाला तो दुसऱ्या दिवशी कराचीला उतरला. पुढं लिहिलं होतं, "ही विमाने आम्हीच भरतो. पेट्या चढवून दोर बांधतो. आमच्याबिगर विमान हलत नाही."

एवढं वाक्य तिनं मास्तरांकडनं तीनदा वाचून घेतलं.

घरी येताना मला म्हणाली, "म्हंजी आपल्या पोराला कवाबी येता येतंय."

"कसं काय?"

"भरतोय त्योच न्हवं? तुमी गूळ भरल्यावर चालत जाता का सांगलीला?"

आता हे ऐकून कुणी हसेल. पण आमच्या धंद्यात तसंच आहे. जो गाडी भरतो तो भरलेल्या मालावर बसून जातो. त्याला कोण विचारत नाही. व्यापारीसुद्धा म्हणतो, बस बाबा, ढेपा तूच रचल्यास, कुठली ढेप हलती ते तुलाच ठाऊक. चाळीस वर्षं तिनं मला ढेपांवर बसून गावाबाहेर पडताना बघितलं होतं. मी पण म्हणालो, "व्हय की. भरनारा बसनारच." मला स्वतःला ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू.

तरी मी दुसऱ्या दिवशी एकटाच शाळेत गेलो. मधली सुट्टी होती. भिंतीवर जगाचा नकाशा होता, कडेनं उंदरांनी कुरतडलेला. मास्तर टकळीवर सूत काढत बसायचे, मी अंतर विचारलं तसं त्यांनी त्यातलंच एक हातभर तोडलं. एक टोक कैरोवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं कराचीवर आणलं आणि तिथं तोडलं. वितीला दोन बोटं कमी भरलं. मग पट्टी लावली, पाटीवर आकडे मांडले.

"मामा, हे झाले बावीसशे मैल. आता विमान तासाला दीडशे मैल तोडतं असं धरू. म्हणजे पंधरा तासांच्या आतच."

मी म्हणालो, "पंधरा तास? मास्तर, इतक्यात तर मी मिरजेला पोचतो."

"मग बघा की. तुमची मिरज आणि त्याचं कैरो सारखंच."

मास्तर हसले, मी पण हसलो. मी ते सूत मागून घेतलं. उठताना मास्तर म्हणाले, "पण मामा, एक ध्यानात ठेवा. ते विमान वाटेत तेल घ्यायला उतरतं, हवा बिघडली तर दोन-दोन दिवस पडून राहतं. आणि दुसरं म्हणजे, शिपायाला त्यात बसवत नाहीत. साहेब लोक बसतात, जखमी बसतात, टपाल जातं. तुमचा पोरगा येईल तो आगबोटीनं. महिना धरा, दीड धरा. काकूंना नीट सांगा."

मी मान हलवली.

घरी आलो. ती उंबऱ्यात वाट बघत बसली होती. तिच्या हातात सूत दिलं आणि म्हणालो, "हे बघ कैरो, हे बघ कराची. पंधरा तास." एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? पोरगा गेल्यापासनं ती जेवायला बसली की अर्धी भाकरी मोडून बाजूला ठेवायची. विचारलं तर म्हणायची भूक नाही. त्या दिवशी तिनं सूत वितीनं मोजलं, उलटसुलट मोजलं, "एवढंच व्हय!" म्हणाली, आणि भाकरी पुरी खाल्ली. मी ते बघितलं आणि गप बसलो. सूत तिनं चंचीत ठेवलं, पान-सुपारीबरोबर. बाजारात, पाणवठ्यावर, कुणी पोराचं विचारलं की चंची सोडून सूत काढून दाखवायची. बायका चेष्टा करायच्या, "काकू, दोऱ्याला धरून जाऊन याल एक दिवस." ती म्हणायची, "जाईन की. तुला काय त्याचं?"

मी एकदा सोडून शंभरदा सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

तर शुक्रवारी पोटात दुखायला लागलं. शनिवारी सकाळी दुखणं बेंबीपासनं खाली उजव्या अंगाला सरकलं. पाय पोटाशी घेऊन पडली, सरळ करू देईना. मी शिराळ्याला जाऊन कंपाउंडरला गाडीत घालून आणलं. तो पूर्वी पलटणीच्या दवाखान्यात होता, माणूस जाणता. त्यानं बोटं दाबून सोडली, तशी ती ओरडली. त्यानं मला बाहेर बोलावलं.

"मामा, पोटात एक शेपटागत आतडं असतंय. त्ये सुजलंय. फाडून काढाय पायजे. मिरजेला मोठा दवाखाना हाय, आजच्या आज गाडी जोडा."

"न्हाई न्हेलं तर?"

"फुटंल. मग मला बोलवू नका."

लढाईच्या दिवसांत मोटारी बंद पडल्या होत्या. कोळशावर चालणारी एक होती ती पेठ गावावरनं जायची, आली तर आली. म्हणजे बैलगाडीच. वीस कोस, बैल दोनदा सोडले तर पंधरा तास. दुपार व्हायची होती. निघालो असतो तर दुसऱ्या दिवशी पहाटे मिरजेत असतो.

मी आत गेलो आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, "फाडायच्या आदी मला पोराचं त्वांड बघू द्या. त्येला तार करा."

"अगं, तार करतो, पर आधी जाऊ."

"न्हाई. त्या सुरीचा काय भरवसा? फाडल्यावर मी उठलेच न्हाई तर? त्यो येतोय की. तार उद्या पोचंल, पंधरा तास इमान, कराचीतनं मुंबई, मुंबईतनं रेल्वे. मंगळवारी दारात असंल. त्यो आला की त्येच्या संगं जाऊ. चार दीस काडीन मी. बाळंतपनात काय कमी काडलं व्हय?"

इथं मी बोलायला पाहिजे होतं. तिच्या अंथरुणाशी बसून, अगं बाई, शिपायाला विमानात बसवत न्हाईत, मी तुला फसवलं, एवढंच म्हणायचं होतं. ती चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, रडली असती, आणि गाडीत बसली असती. माझ्या तोंडातनं ते आलं नाही. मिरजेच्या दवाखान्याची मलाही भीती होती. आमच्या गावातनं दोघं गेले होते, एक परत आला. वर मनात आलं, कुणाला ठाऊक, साहेबाची आई आजारी पडली तर त्याला विमान दिलं, आमच्या पोराची पण आईच आहे. एखादा साहेब म्हणेलही, जा बाबा, बस पेट्यांवर. खोटं बोललेला माणूस शेवटी आपल्याच खोट्यावर विसंबतो. मी "बरं" म्हणालो.

शिराळ्याच्या पोस्टातनं मास्तरांनीच तार लिहून दिली. शाई वाळेपर्यंत माझ्याकडं बघत म्हणाले, "मामा, काकूंना सांगितलंय ना तुम्ही? शिपायाला विमान मिळत नाही म्हणून?"

"व्हय. सांगितलंय."

रविवार कण्हण्यात गेला. सोमवारी सकाळी ती उठून बसली. म्हणाली, "थांबलं बगा. सपशेल थांबलं." चेहरा उतरला होता, पण कपाळाची आठी गेली होती. तांदळाची पेज मागितली. मी पेज केली, करपली, तर म्हणाली, "बाप्यानं केल्याली पेज अशीच." मला वाटलं, सुटलो. कंपाउंडर चुकला. मारुतीला नारळ फोडून आलो. आतडं फुटलं की दुखणं थोडा वेळ थांबतं, हे मला कंपाउंडरनंच मागनं सांगितलं. त्या सोमवारी आमच्या घरात जेवढा आनंद होता तेवढा दिवाळीत नव्हता.

मंगळवारी तिनं शेजारणीकडनं वेणी घालून घेतली आणि उंबऱ्यात टेकून बसली. वाटेवर कुणी दिसलं की मान उंच करायची. दूधवाला गेला, धनगर गेला. "गाडी उशिरा आली आसंल कराडला," म्हणाली. दुपारी तिला थंडी भरली. तिसऱ्या प्रहरी पोट फळीसारखं कडक झालं. हात लावू देईना. मी परत शिराळ्याला पळालो. कंपाउंडर आला नाही. दारातच म्हणाला, "शनिवारी काय म्हनलो हुतो?" मग म्हणाला, "न्या तरी. देवाच्या मनात काय आसंल कुनी सांगावं."

बुधवारी दिसायला लागलं तशी गाडी जोडली. तळाला कडबा, वर वाकळ, वर ती. शेजारीण चालत निम्म्या गावापर्यंत आली. तिला ही म्हणते, "पोरगं आलं तर त्येला म्हनावं, मागनं मिरजेला ये. अन् फडक्यात भाकरी ठेवलीया."

डोंगराची उतरण लागली. चाक दगडावरनं उतरलं की ती नुसता श्वास ओढायची. मी बैल हळू हाणत होतो. हळू हाणलं तर वेळ जातो, जोरात हाणलं तर तिला धक्का बसतो. चाळीस वर्षांचा गाडीवान, पण त्या दिवशी गाडी कशी हाणायची ते मला कळलं नाही.

उन्हं अंगावर आली तेव्हा तिनं विचारलं, "मिरजंला किती तास?"

"पंधरा."

तिनं उन्हाला पदर आडवा धरला. मग म्हणाली, "तेवढंच की."

मी मागं वळून बघितलं. ती डोळे मिटून पडली होती, ओठ कोरडे पडले होते. आता सांगतो, म्हणालो मनाशी. पेठेचं वळण आलं की गाडी थांबवतो, तोंडाला पाणी लावतो आणि सांगतो. पेठेचं वळण आलं. चिंचा होत्या तिथं बैल सवयीनं थांबले, मी हाकलायच्या आधीच. खाली उतरलो, तांब्या घेतला. पाणी ओठाच्या कडेनं खाली गेलं. आत गेलं नाही.

गाडी फिरवली. बैल खुशीत होते, घराची वाट म्हणून. त्यांना काय कळतं. त्यांचा मला राग आला आणि मी त्यांना मारलं. परत येताना जोरात हाणली गाडी. आता कुणाला धक्का बसायचा होता?

दिवस बुडायच्या आत नदीला नेलं. न्यायच्या आधी शेजारणीनं तिच्या कमरेची चंची सोडून माझ्या हातात दिली.

पोराला तार अकराव्या दिवशी मिळाली. तो आला पावणेदोन महिन्यांनी, सुएझवरनं आगबोटीनं, मग रेल्वेनं, कराडवरनं पायी. पिशवीत आईसाठी खजूर होता. मी त्याला सगळं सांगितलं, माझं काही झाकलं नाही. तो बराच वेळ बूट काढत बसला. मग म्हणाला, "आबा, शिपायाला कोन बसवतंय त्यात? मी भरतो अन् खाली उतरतो. इमान गेल्यावर धूळ तेवढी खातो आमी." आणि मग म्हणाला, "तुमाला मास्तरानं सांगितलं हुतं न्हवं? मग?" तो परत पलटणीत गेला. आता कागद येतो तो दोन ओळींचा असतो. सुट्टीचं त्यात काही नसतं. लढाई संपून वर्ष झालं तरी नसतं.

लोक म्हणतात, म्हातारा कडवट झालाय. झालोय. विमानाला मी शिव्या देतो, साहेबाला देतो, त्याच्या आईलाही देतो. ती बिचारी तिकडं कराचीत बसली असेल, तिनं माझं काही वाकडं केलेलं नाही. तिचा पोरगा दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ पोचला, एवढाच तिचा गुन्हा. पण शिव्या देऊन झाल्या की फिरून गाडी माझ्याच दारात येते.

तिला नदीला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी शाळेत गेलो. सुतक होतं. सुतकात कुणाच्या दारात जायचं नसतं, ते मला ठाऊक होतं. पोरं अजून यायची होती. मास्तर एकटेच वर्ग झाडून घेत होते. मला बघून त्यांनी केरसुणी खाली ठेवली. माझ्या डोक्याला मुंडासं नव्हतं, अंगावर कालचंच धोतर.

मी चंचीतनं सूत काढलं. सुपारीनं लालसर झालं होतं.

"मास्तर, नकाशात आमचं गाव दाखवा."

"मामा, हा जगाचा नकाशा. यात आपलं गाव नसतं."

"कुठं असंल त्ये दाखवा."

त्यांनी बोट ठेवलं. मी तिथं सुताचं टोक धरलं.

"आता मिरज दाखवा."

त्यांनी बोट हलवलं नाही. म्हणाले, "मिरजही इथंच, मामा. याच्याच खाली."

मी वाकून बघितलं. सूत आडवं धरलं, उभं धरलं. सुताच्या जाडीखाली आमचं गाव गेलं, शिराळा गेला, पेठेचं वळण गेलं, मिरजही गेली. मोजायला काही उरलंच नाही.

"मास्तर," मी म्हणालो, "मी तिला सांगितलं न्हवतं."

बाहेर पोरांचा आवाज यायला लागला. मी सूत नकाशाच्या खिळ्याला बांधलं, दोन गाठी मारल्या आणि घरी आलो. सोप्यात वेलांचा ढीग तसाच होता, तिच्या बाजूचा कमी झालेला, माझ्या बाजूचा जास्त. मी तिच्या बाजूला बसलो आणि शेंगा तोडायला लागलो.